विसावा दाखला

“दाखला नेताय तो न्या, पण पोरीचा नंबर लागला की परत कधी देणार?” सोनू शिगवणांनी विचारलं.

“त्याच दिवशी,” मी म्हणाले. “अर्ध्या तासात.”

आसवलीतलं ते त्यांचं घर. पडवीत दोनच खुर्च्या होत्या, त्या त्यांनी आम्हांला दिल्या होत्या. एकीवर मी, एकीवर आमच्या भूगोल विभागाचे प्रमुख खवणेकर सर. स्वतः शिगवण खाली, भिंतीला पाठ लावून बसले होते. पाऊस अजून लागला नव्हता, जांभ्या दगडाच्या चिरेखाणी चालू होत्या. ते खाणीवरून नुकतेच आले होते, भुवयांपासून पायाच्या बोटांपर्यंत तांबडी धूळ. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. घरात ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी, प्रणाली. ती आतल्या दाराच्या चौकटीत उभी होती, छातीशी प्लास्टिकची निळी फाईल धरून.

“बाई, मी नर्सिंगचा फॉर्म भरलाय,” ती म्हणाली. “जिल्ह्याच्या गावी. यादी ऑगस्टमध्ये लागेल. एकसष्ट टक्के आहेत मला. आर्ट्सवाल्यांनाही घेतात.”

“नर्सिंगच का गं?” खवणेकर सरांनी विचारलं.

ती जरा लाजली. “आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरबाई स्कूटीवरून येतात. त्या आल्या की वाडीतली सगळी माणसं उठून उभी राहतात. म्हातारी पण.”

सर हसले. मी हसले नाही, कारण मला तिच्या हातातली फाईल दिसत होती.

“होईल तुझं,” मी म्हणाले. “पण समज, नाही झालं. मग काय करणार? वर्षभर घरी बसणार? त्यापेक्षा आमच्याकडे नाव घालून ठेव. नंबर लागला की जा, मी अडवणार नाही. नाही लागला, तर वर्ष तरी वाया जाणार नाही.”

हेच वाक्य मी त्या आठवड्यात सतरा घरांत बोलले होते. सतरांपैकी पाच घरांना कुलूप होतं, तिथे शेजाऱ्यांसमोर बोलले होते.

प्रणालीने बापाकडे पाहिलं. सोनूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. “बाई शिकलेल्या हायत,” ते म्हणाले. “त्या बोलतात तसा करूया.”

तिने फाईल उघडली, शाळा सोडल्याचा दाखला आणि बारावीचं गुणपत्रक काढलं आणि देवळात नारळ द्यावा तसं दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. माझं नाव उज्ज्वला थोरात. मी मूळची कराडची, घाटावरची. भूगोलात एम. ए. केलं आणि नऊ वर्षं चार कॉलेजांत तासांवर शिकवलं. तासांवर म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की घरी. त्यानंतर घाटाच्या पायथ्याच्या ह्या लहानशा कॉलेजात मला कायम जागा मिळाली. मुलगी सहावीत होती, ती कराडला सासूबाईंकडे. नवऱ्याच्या नोकरीचा भरवसा नव्हता. मी एका खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारच्या गाडीने घाट चढायचे. कायम होऊन दोन वर्षंच झाली होती.

आणि कॉलेजात मुलं येत नव्हती.

परत येताना खवणेकर सरांच्या स्कूटरवर मी मागे बसले होते. चढावर स्कूटर दमायची, मग आम्ही उतरून चालायचो. तशा एका चढावर मी म्हणाले, “सर, पेपरात तर येतं, देशात कॉलेजला जाणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढतेय म्हणून. मग आपल्याचकडे काय झालंय?”

“वाढतेय, ते खोटं नाही,” सर म्हणाले. “पण वाढतेय कुठे? मघाशी आसवलीच्या शाळेवरून आलो ना, मी गुरुजींना विचारलं, पहिलीला किती? म्हणाले, तीन. बारा वर्षांनी आपल्या वर्गात बसायचे ते हे तीन. त्यांतले दोन तोवर आईबापांमागे विरारला गेलेले असतील. तिसरा आयटीआयला जाईल, आणि ते बरोबरच आहे.”

सर कॉलेजात आले त्या वर्षी प्रथम वर्षाच्या भूगोलाला एकशे बारा मुलं होती. विभागाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने एक आलेख काढला होता, दर जूनला त्यात एक खांब वाढायचा. एकशे बारा, शहाण्णव, एक्काहत्तर. पुढे चाळीस. मागच्या वर्षी तेवीस. नवीन आलेल्याला वाटायचं पावसाचा तक्ता आहे.

“ह्या पोरीचा दाखला मात्र वेळेवर द्या हं,” स्कूटर पुन्हा चालू करताना ते म्हणाले.

“देणार म्हणजे काय, सर!”

जुलै संपता संपता, प्रणाली सोडून, आमचे एकोणीस प्रवेश झाले होते. प्रणालीचा विसावा.

प्राचार्य रेडीज यांनी मला बोलावून घेतलं. त्यांचा आवाज नेहमी हळू असायचा, वाईट बातमी सांगताना जास्तच हळू. “थोरात मॅडम, संस्थेनं यंदा स्पष्ट कळवलंय. प्रथम वर्षाला वीसच्या खाली गेलात तर विषय बंद. खवणेकर तर मार्चमध्ये निवृत्त होतायत. प्रश्न तुमचा आहे. समिती येईल, एकेक फाईल उघडेल, मूळ दाखले मोजेल. झेरॉक्स धरणार नाहीत.”

“समिती कधी येणार, सर?”

“ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी. सकाळी दहाला.”

“वीस आहेत, सर.”

“राहू देत,” ते म्हणाले. एवढंच.

प्रणाली जुलैपासून वर्गात येऊ लागली होती. नाव घातलंय तर बसावं, असं तिला वाटत होतं. नाव घालून न येणारे सहा जण होते, त्यांतली ती नव्हती. समोच्च रेषांचा नकाशा शिकवत होते तेव्हा तिने आमच्या तालुक्याच्या नकाशावर बोट फिरवत फिरवत आसवलीचा ओढा शोधून काढला. “बाई, ह्या रेषा इथे एवढ्या जवळ आल्यात म्हणजे तो आमचा चढ,” ती म्हणाली. “सिस्टरबाईंची स्कूटी तिथेच बंद पडते.” वर्ग हसला. मला ती मुलगी फार आवडली होती. पुढे जे सांगायचंय ते मी नावडत्या मुलीशी केलं नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार. अकराच्या गाडीने बापलेक आले. सोनूभाऊंनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. प्रणाली जिना धावत चढली.

“बाई, लागलं! चाळिसांत चौतिसावा नंबर!”

मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. मला आनंद झाला होता, खराच. तो किती टिकला ते सांगता येणार नाही. तिचे हात सोडेपर्यंत असेल.

“शनिवारी दुपारी एकपर्यंत मूळ कागद घेऊन हजर राहायचंय,” ती म्हणाली. “म्हणून आलोय. दाखला द्या बाई, उद्याच जाते. हॉस्टेलचं पण बघायचंय.”

शनिवारी एकपर्यंत तिला दाखला हवा होता. शनिवारी दहाला समिती यायची होती.

“अगं, पालकर नाहीत,” मी म्हणाले.

पालकर आमचे लिपिक. त्यांचे चुलते वारले होते म्हणून त्या दिवशी पहाटेच मुंबईला गेले होते. हे खरं होतं.

“मग?”

“दाखले त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असतात. किल्ली त्यांच्याकडे. सोमवारी येतील ते.”

तिला आधी कळलंच नाही. ती हसतच होती. मग हळूहळू ते हसू गेलं. “पण बाई, शनिवारी शेवटची तारीख आहे.”

“झेरॉक्स आहे ना तुझ्याकडे? ती दाखव. मी कॉलेजच्या कागदावर चिठ्ठी लिहून देते, मूळ दाखला आमच्याकडे आहे, सोमवारी सादर करेल, म्हणून. ऐकतात गं. माणसंच असतात तिथेही.”

मी चिठ्ठी लिहिली. सुवाच्य अक्षरात, तारीख घालून, शिक्का मारून. सोनूभाऊ शेजारी उभे राहून माझ्या पेनाकडे बघत होते.

“कपाट उघडाय दुसरी काय सोय नाय?” त्यांनी विचारलं, अर्धवट हसत. “मी छिन्नी हातोडा आणतो. दगड फोडतो, पत्रा काय चीज हाय!”

“बाबा!” प्रणालीने त्यांना दटावलं. “कॉलेजचं कपाट आहे ते.”

ते चारपर्यंत ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहिले. पालकर कदाचित लवकर परततील, अशी आशा. मी त्यांच्यासमोरून दोनदा वर्गावर गेले आणि दोनदा आले. प्रत्येक वेळी प्रणाली उठून उभी राहिली.

शेवटचा तास संपवून मी विभागात आले तेव्हा खवणेकर सर खिडकीपाशी उभे होते. तिथून तो बाक दिसायचा.

“मुलगी कशासाठी बसलीय?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“पालकर मुंबईला गेलेत, ते मला माहीत आहे,” सर म्हणाले. “पण त्या कपाटाच्या किल्ल्या दोन आहेत ना?”

“दुसरी माझ्याकडे आहे, सर.”

होती. प्रवेश समितीची प्रमुख म्हणून जूनपासून माझ्या पर्समध्ये होती. चिठ्ठी लिहायला पेन काढलं, तेव्हा ती बोटांना लागली होती.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “शनिवारी समिती आहे,” ते म्हणाले.

“हो.”

मी वाट पाहिली. मला वाटलं, ते हात पुढे करतील. वयाने वडिलांसारखे होते, त्यांनी नुसतं ‘द्या ती किल्ली’ म्हटलं असतं तर मी दिली असती. पण हात पुढे आला नाही. त्यांच्या सत्तावीस वर्षांचा विषय होता तो. त्यांनी छत्री उचलली आणि दुसऱ्या जिन्याने खाली उतरले, बाकासमोरून जावं लागू नये म्हणून.

शुक्रवारी दुपारी तीनला संस्थेतून प्राचार्यांना फोन आला. समितीतले एक सदस्य आजारी पडले होते, दौरा पुढे ढकलला होता, नवी तारीख कळवू. ती कधीच कळवली नाही. त्या वर्षी समिती आलीच नाही.

सोमवारी सकाळी सव्वाआठला मी कॉलेजात पोचले तेव्हा प्रणाली फाटकापाशी उभी होती, एकटीच. पालकर आल्या आल्या त्यांनी कपाट उघडलं, दाखला काढून दिला. तिने सही केली आणि धावतच स्टँडकडे गेली.

मंगळवारी ती वर्गात येऊन बसली. तास संपल्यावर माझ्या टेबलापाशी आली.

“शनिवारी चिठ्ठी दाखवली बाई. ते म्हणाले, मूळ कागद पायजेत, नियम आहे. संध्याकाळी त्यांनी वेटिंगच्या मुलीला बोलावलं. काल गेले तेव्हा ती आत होती. गादी घेऊन आली होती.”

मी काहीतरी म्हणाले. काय, ते आठवत नाही.

तिने पिशवीतून दाखला काढला. पुन्हा दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. “हा परत ठेवून घ्या. माझं नाव अजून आहे ना पटावर?”

“आहे,” मी म्हणाले.

दिवाळीपर्यंत ती येत होती. दिवाळीनंतर आली नाही. वडघरच्या काजू कारखान्यात जायला लागली, असं तिच्या वाडीतल्या एका मुलीकडून कळलं. मी तिच्या घरी गेले नाही. ऑक्टोबरात गेले असते, नोव्हेंबरात गेले असते. एष्टी सकाळीही होती, संध्याकाळीही होती.

फेब्रुवारीत वर पाठवायची माहिती भरायची वेळ आली. वर्गवार, विषयवार, मुलं किती, मुली किती. दरवर्षी ते काम माझ्याकडे असायचं. पालकर रजिस्टर वाचत होते, मी आकडे लिहीत होते.

“प्रथम वर्ष भूगोल, मुली,” ते म्हणाले. “शिगवणला धरायचं का, मॅडम? ती येत नाही आता.”

“नाव काढलंय का कुणी?”

“काढायला अर्ज कुठे दिलाय तिनं?”

“मग धरा.”

नऊ लिहिलं. आमचे नऊ तालुक्याच्या आकड्यात गेले, तालुक्याचे जिल्ह्याच्या, आणि तसंच वर. पुढे कधीतरी पेपरात बातमी वाचली, उच्च शिक्षणात मुलींचं प्रमाण वाढलं. चौकटीत छापली होती, बरोबर पदवीची टोपी घातलेल्या मुलीचा फोटो. तो पेपर मी वर्गात नेणार होते, नेला नाही. वर्गात त्या दिवशी सात जण होते.

मार्चमध्ये खवणेकर सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात मला बोलायची वेळ आली तेव्हा मी त्यांच्या आलेखाबद्दल बोलले. ते मान खाली घालून ऐकत होते. नंतर आमची भेट झाली नाही. पुढच्या जूनमध्ये प्रवेश झाले अकरा, आणि विषय बंद झाला. मला कुणी घरी बसवलं नाही. संस्थेने मला कराडजवळच्या त्यांच्या कनिष्ठ महाविद्यालयात सामावून घेतलं. मी रोज संध्याकाळी मुलीपाशी असायला लागले. वीस असते तर मी तिथेच त्या खोलीत राहिले असते.

पण तो निर्णय व्हायच्या आधी, जूनच्या दुसऱ्या रविवारी, मी एकदा आसवलीला गेले. प्रवेश मागायला नाही. पर्समध्ये नर्सिंगचा नवा फॉर्म होता, जिल्ह्याच्या गावी जाऊन मी स्वतः आणलेला.

सोनूभाऊ पडवीत बसले होते, उजवा पाय पुढे लांब करून. मार्चमध्ये खाणीवर चिरा निसटून पायावर पडला होता. हाड जुळलं, पण पाय वाकत नव्हता. मला काहीच माहीत नव्हतं.

“यंदा पण पोरं शोधाय आलात?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. “यंदा बारावीला आमच्या वाडीत कोणच नाय.”

“नाही. प्रणालीला भेटायला आले.”

ती आतून आली. अंगाने वाळली होती. तिने माझ्यासाठी खुर्ची पुसली तेव्हा तिची बोटं दिसली. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. बोटांची टोकं काळी पडली होती, दोन ठिकाणी सालं गेली होती. तिने माझी नजर पाहिली आणि हात ओढणीत घेतले.

मी फॉर्म काढला. “ह्या वर्षी पुन्हा भर. माहिती मी आणलीय. वय बसतं, टक्के बसतात. ह्या वेळी कागद कुणाकडे द्यायचे नाहीत. मी तुझ्याबरोबर येते, शेवटपर्यंत.”

तिने फॉर्म हातात घेतला, उलटसुलट पाहिला. मग घडी न पडू देता माझ्या मांडीवर ठेवला.

“नको बाई. तीन वर्षं हॉस्टेलला राहायचं म्हणजे बाबांकडे कोण बघणार? आणि कारखान्यात आता मला मोजणीवर घेणार आहेत.” फॉर्मकडे बघत ती म्हणाली, “गेल्या वर्षीच व्हायला पायजे होतं. पण माझीच चूक झाली.”

“तुझी कसली चूक?”

“यादी बुधवारी सकाळी लागली होती. बुधवारी पालकर भाऊ कॉलेजात होते. मी बुधवारी आले असते तर दाखला मिळाला असता. पण मी त्या दिवशी वाडीत साखर वाटत फिरले. घरोघर. सिस्टरबाईंच्या घरी पण जाऊन आले.” ती हसली. “अक्कल नाही ना, बाई. आधी कागद घ्यायचे, मग साखर वाटायची.”

मी मांडीवरचा फॉर्म उचलून पर्समध्ये घातला.

“बसा हं,” ती म्हणाली. “जेवूनच जायचं. आज सुट्टी आहे मला.” आणि आत गेली. चुलीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.

सोनूभाऊ अंगणाकडे बघत होते. मी खुर्चीवरून उठले आणि त्यांच्याजवळ खाली बसले.

“सोनूभाऊ, त्या कपाटाची दुसरी किल्ली होती. ती माझ्याकडे होती.”

ते हलले नाहीत.

“तेव्हा?”

“तेव्हा.”

“आमी बाकावर बसलेलो तवा पण?”

“हो. माझ्या पर्समध्ये. विषय बंद पडला असता, वीस लागत होते. प्रणालीचा दाखला विसावा होता.”

त्यांनी दोन्ही हातांनी उजवा पाय उचलला आणि जरा बाजूला ठेवला. तेवढ्याला बराच वेळ लागला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मारतील, ओरडतील, थुंकतील, काहीही चाललं असतं.

“पोरीला बोललात?”

“नाही. आत्ता सांगणार आहे. माफी मागणार आहे तिची.”

“नको.”

“तिला कळायला हवं. ती स्वतःला दोष देतेय.”

“देऊ दे.” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते, पण आवाज तसाच. “साखर वाटली म्हणून माझा नंबर गेला, असा ती बोलते. रडली तेवढी रडली, आता हसते पण त्याच्यावर. तुमी सांगणार, मोकळ्या होणार, एष्टीत बसून जाणार. ती हितंच ऱ्हाणार बाई. सगळ्या जगात तिला एक तुमी चांगल्या वाटता. माझ्या बाई, माझ्या बाई करते. त्या पण गेल्या तर पोरीनं कोणाकडे बघायचा?”

“मग मी काय करू?”

“काय नाय,” ते म्हणाले. “आता काय करायचा उरलाय? गप ऱ्हावा. तुमाला झेपत नसला तरी ऱ्हावा.”

आणि मी गप्प राहिले. त्यांनी सांगितलं म्हणून राहिले, असं मी समजत आले. पण एक गोष्ट मी त्यांनाही सांगितली नव्हती, आणि ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

त्या शुक्रवारी तीनला समिती येत नसल्याचा फोन आला, तेव्हा मी माझ्या किल्लीने कपाट उघडलं होतं. प्रणालीचा दाखला काढला, पाकिटात घातला आणि स्टँडवर गेले. आसवलीची शेवटची गाडी सव्वापाचला होती. गाडी लागली. रात्री त्यांच्या घरी राहून सकाळी तिला पहिल्या गाडीने पाठवलं असतं, तर ती दहालाच जिल्ह्याच्या गावी पोचली असती. नोकरीला धोका उरला नव्हता. कपाट कसं उघडलं म्हणून विचारलं तर काय सांगायचं तेही ठरवलं होतं, पालकर लवकर आले म्हणून. मी गाडीच्या पायरीपाशी उभी होते. आणि मला ती बाकावरून उठून उभी राहिलेली दिसायला लागली. दाखला हातात पडला की ती माझ्याकडे बघेल, आणि तिला किल्लीचं कळेल, असं वाटलं. नुसतं वाटलं. कंडक्टरने विचारलं, “बाई, आसवली का?” मी “नाही” म्हणाले. त्याने घंटी मारली. गाडी वळून गेली तरी मी उभी होते. मग कॉलेजात परत आले आणि दाखला होता तिथे ठेवला. पोटासाठी केलं, असं मी गुरुवारबद्दल म्हणू शकते. शुक्रवारबद्दल मला काहीच म्हणता येत नाही.

“बाबा, उठा. बाई, पानं घेतलीत,” प्रणालीने आतून हाक मारली.

मला वाटलं, सोनूभाऊ म्हणतील, बाईंना गाडी आहे, त्या निघाल्या. त्यांनी भिंतीला धरून स्वतःला उभं केलं आणि म्हणाले, “चला.”

भात होता, कुळथाची पिठी होती, वर सुकटीची चटणी. मला तिने पाट दिला, स्वतः जमिनीवर उकिडवी बसून वाढत राहिली. वाढताना कारखान्यातल्या बायकांच्या गमती सांगत होती. सोनूभाऊ खाली बघून जेवत होते. माझ्या पानातला भात संपत आला तसे ते मान वर न करता म्हणाले, “बाईंना वाढ. लांबून आल्यात.”

तिने काळ्या बोटांनी भाताचा डाव उचलला. मी नको म्हटलं नाही. तिने वाढलं, आणि मी जेवले.